संप अजून मिटलेला नाहीये

पत्र थोडक्यात (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत):

पत्र लिहिणारी मुलगी ३० वर्षांची, परभणी जिल्ह्यातली, बीएस्सी ॲग्री झालेली. सहा वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतेय. दोनदा मुख्यपर्यंत गेली, एकदा तीन मार्कांनी राहिली. गेल्या सप्टेंबरात अतिवृष्टीत घरचं चार एकर सोयाबीन पाण्यात गेलं, त्याच पावसामुळे २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षा ९ नोव्हेंबरवर ढकलली गेली, आणि त्या दिवसांत वडील फोनवर एवढंच म्हणायचे, 'शेताचं बघू गं, तुझा अभ्यास कसा चाललाय.' पूर्व दिली, आन्सर की लावली, यंदा काठावर पण नाही. घरून महिन्याला नऊ हजार येतात, ते घेताना लाज वाटते, वडिलांना तोंड कसं दाखवू असं होतं. वडिलांनी रब्बीला हरभरा पेरलाय, धाकटा भाऊ चाकणला कंपनीत लागलाय. ती लिहिते, 'सगळे म्हणतात टिकून राहा. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघते, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी सकाळी उठावंसंच वाटत नाही. माझ्यातच चिवटपणा कमी आहे का? सोडलं तर सहा वर्षं वाया, नाही सोडलं तर अजून किती? ह्या सगळ्याला अर्थ काय तेच कळेना.' आणि अगदी खाली ता.क. : 'मेसवाल्या काकूंच्या मुलीची दहावीची भूमिती घेते रोज संध्याकाळी, तेवढा एक तास बरा जातो.'

*

अगं, तुला तू म्हणते, चालेल ना? माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

आधी एक सरळ प्रश्न, आडपडदा न ठेवता. सकाळी उठावंसं वाटत नाही म्हणजे नक्की काय? कंटाळा, थकवा, की आता नकोच हे सगळं, आपण नसलेलंच बरं, असं काही? तिसरं असेल, एकदाही येऊन गेलं असेल, तर माझं बाकीचं उत्तर नंतर वाच आणि आधी १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि रूममधल्या एकीला तरी आजच सांग. नुसता थकवा असला तरी झोप आणि भूक दोन आठवड्यांच्या वर बिघडलेली असेल तर सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून एकदा दाखवून ये. अंगात ताप असताना कुणी मोठे निर्णय घेत नाही, तसंच आहे हे.

आता तुझ्या चिवटपणाबद्दल. मला जरा हसूच आलं, राग मानू नकोस. सहा वर्षं एका कॉटवर, पत्र्याच्या पेटीत सगळा संसार, मेसची तीच पातळ डाळ, अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास, आणि ही मुलगी मला विचारतेय की माझ्यात चिवटपणा कमी आहे का! कमी नाहीये. झालाच तर जरा जास्त झालाय, आणि तो सगळा एकाच खुंट्याला बांधलाय, अडचण ती आहे.

तुला एक माझ्या घरातली गोष्ट सांगते. लांबण वाटेल पण ऐक.

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची, चौथीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंत पुढारी, आणि आमच्या चाळीत पहिले दोन-तीन महिने तर चक्क सणासारखं वातावरण होतं, महिनाभरात मिटेल, पगार वाढेल, दिवाळीला टीव्ही आणू, असं सगळे बोलायचे. पहिल्या पाळीचा भोंगा बंद झाला होता. पण वडील मात्र त्याच वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गेटवर जायचे. गेटवर काही नसायचं. दुपारी परत यायचे आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, 'संप मिटला की बघू.' माझे चपला-बूट, संप मिटला की. गावच्या घराचं छप्पर, संप मिटला की. आत्याच्या लग्नाला जायचं का, तर तेही संप मिटला की. एकदा मला ताप होता आणि मी त्यांना म्हटलं बाबा गोष्ट सांगा, तर म्हणाले, आत्ता डोकं ठिकाणावर नाही बाळा, संप मिटू दे. मला तो ताप आठवत नाही, ते वाक्य आठवतं.

आईचं वेगळं होतं. ती खाणावळ चालवायची, चार-पाच गिरणीकामगार जेवायला असायचे, पण संपात तीच माणसं गावाला निघून गेली, म्हणजे तिचंही उत्पन्न बंद. गिरणगावातल्या अशा खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलेलं होतं, त्यांच्यामार्फत बायकांना बँकेचं लहानसं कर्ज मिळायचं. आईने ते घेतलं आणि ऑफिसवाल्यांचे डबे सुरू केले. वडिलांना ते आवडलं नव्हतं. आईने संपावर मत कधीच दिलं नाही, संप बरोबर की चूक हे तिला विचारलं की ती म्हणायची, 'मला चाळीस पोळ्या लाटायच्यात, सरक.'

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात डबे पोचवणारा पोऱ्या पळून गेला आणि एके दिवशी वडील काही न बोलता उठले, पिशव्या घेतल्या आणि दादर-प्रभादेवीला डबे देऊन आले. मग रोजच. हळूहळू त्यांना कळायला लागलं की कुठल्या साहेबाला तिखट चालत नाही, कुठल्या बाईंचा मंगळवार असतो, आणि घरी येऊन ते सांगायला लागले. दीड वर्षाने आमच्या घरात माणसाचा आवाज आला गं. पुढे काही वर्षांनी एका सोसायटीत नोकरी धरली त्यांनी, पण ते नंतर.

आता महत्त्वाचं. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाहीये. खरंच. कुणी जाहीर केलंच नाही की बाबांनो, संपलं, घरी जा. आमचे वडील जाईपर्यंत गमतीने म्हणायचे, 'मी अजून संपावर आहे.' गिरण्या गेल्या, चिमण्या पाडल्या, तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि संप कागदावर तसाच. ज्या घरांनी तो आपापल्या घरापुरता मिटवला ती कशीबशी सावरली. जी घोषणेची वाट बघत बसली, त्यातल्या काहींचं काय झालं ते मी इथे लिहीत नाही, आमच्या मजल्यावर दोन घरं होती तशी.

हे तुला का सांगतेय ते तुझ्या लक्षात आलं असेल. तुझा संपही बाहेरून कुणी मिटवणार नाहीये. वयाची अट बघ, ओपनला ३८, मागासवर्गीयांना ४३. अटेम्प्टवर मर्यादा घालायचं आयोगाने २०२० च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं, तेही पुढे मागे घेतलं. मुलांच्या बाजूने बघितलं तर हे चांगलंच झालं, लॉकडाऊनमध्ये ज्यांची वर्षं गेली त्यांना तर फारच गरजेचं होतं. पण त्याची दुसरी बाजू अशी की तुला 'थांब' म्हणणारं कुणीच उरत नाही, आणि तू बाहेर बघशील तर बँका, खाजगी कंपन्या, कित्येक ठिकाणी तिशीला दारं लागायला लागतात. म्हणजे एक दार उघडं दिसतंय म्हणून आपण तिथेच उभे, आणि पाठीमागे एकेक दार बंद होतंय त्याचा आवाज येत नाही.

आणि हो, तुझा राग खरा आहे, तो गिळू नकोस. परीक्षा पुढे जातात, जाहिराती लांबतात, निकाल लागून नियुक्त्या होत नाहीत, कोर्टात अडकतं, २०२१ च्या मार्चमध्ये तीन दिवस आधी पूर्व पुढे ढकलली म्हणून शास्त्री रोडवर पोरं बसली, २०२३ मध्ये नवा वर्णनात्मक पॅटर्न लांबणीवर टाका म्हणून, २०२४ च्या ऑगस्टमध्ये बँकांच्या आयबीपीएस परीक्षेशी तारीख भिडली म्हणून परत. ह्यात तुमचा काय दोष? ज्याने अनिश्चितता तयार केलीय त्यानेच वर येऊन 'खंबीर व्हा' सांगायचं, हे मला पटत नाही. ते व्हिडिओसुद्धा जरा तपासून बघ. त्यात बोलणारा प्रत्येक जण पास झालेला असतो. काही शे जागा असतात आणि फॉर्म भरणारे काही लाख, त्यातले जे राहिले त्यांचा अभ्यास, चिवटपणा, आईवडिलांचे कष्ट सगळं तसंच होतं, फक्त त्यांना माइक कुणी देत नाही. 'मी हार मानली नाही म्हणून झालो' हे खरं असेलही, पण हार न मानलेले आणि न झालेले तुझ्याच अभ्यासिकेत चाळीस बसलेत.

सहा वर्षं वाया, ह्याचं मला वेगळंच वाटतं. तुझ्या वडिलांचं सोयाबीन गेलं. त्यांनी काय केलं? पाणी ओसरलं, वाफसा आला आणि हरभरा पेरला. त्यांना कुणी म्हणालं का की तुम्ही सोयाबीनशी बेइमानी केली? की आता पुढच्या जूनपर्यंत त्याच चिखलाकडे बघत बसा, म्हणजे तुमचा निर्धार दिसेल? शेतकऱ्याच्या पोरीला हे मी मुंबईत बसून सांगायचं म्हणजे कमालच आहे, पण सांगते. जमीन तीच राहते गं, पीक बदलतं. सहा वर्षांत तू जी राज्यघटना वाचलीस, जमीन महसूल, पंचायत राज, अर्थशास्त्र, मराठीत नीट उत्तर लिहायला शिकलीस, ते काही निकालाबरोबर आयोग परत मागून घेत नाही.

पण सांत्वनावर थांबत नाही, जरा हिशेबाचं बोलू.

एक पर्याय, परत पूर्ण ताकदीने एक वर्ष. ह्याच्या विरोधात मी सरसकट नाही. पण लक्षात घे, राज्यसेवा मुख्य आता वर्णनात्मक आहे, नऊ पेपर, लेखीचे १७५० मार्क, मुलाखतीचे २७५, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर. तू तीन मार्कांनी राहिलीस ती जुन्या वस्तुनिष्ठ परीक्षेत. म्हणजे 'तीन मार्कांवर आलेय' हे जे तू मनात धरून बसलीयस ते मैदानच आता राहिलेलं नाही. कदाचित नव्यात तुला जास्त मार्क पडतील, कृषी तुझा विषयच आहे, कदाचित नाही. आधी दोन महिने उत्तरं लिहून कुणा कडक माणसाकडून तपासून घे, मग ठरव. लिहून बघितल्याशिवाय फक्त आशेवर नऊ हजार गुणिले बारा महिने खर्च करू नकोस.

दुसरा, कंबाइन म्हणजे संयुक्त परीक्षा, आणि गट क. ह्याला 'उतरणं' म्हणतात तुमच्याकडे, मला माहीत आहे, रूममध्ये कुणी क्लर्कचा फॉर्म भरला की बाकीच्या कशा बघतात तेही. बघू देत. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० च्या स्पीडचं टायपिंग सर्टिफिकेट लागतं, तुझ्याकडे नसेल तर उद्या क्लास लाव, सहा वर्षांत ते झालं नसेल तर ती एक चूक मात्र मी तुझ्या पदरात घालीन.

तिसरा, काम धरून अभ्यास. आणि चौथा, पूर्ण थांबणं. बीएस्सी ॲग्रीवर खाजगीत काय मिळतं, बियाण्याच्या कंपन्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, पीकविम्याचं काम, पगार सुरुवातीला फार नसतात, पंधरा-वीस हजारांत कुणी ठेवेल, फिरती असेल. गावाकडे कृषी सेवा केंद्र काढायचं म्हटलं तर खतं-औषधांच्या लायसनला तुझी डिग्रीच उपयोगी पडते, कित्येक दुकानदार दुसऱ्याची डिग्री भाड्याने घेऊन बसलेत. ह्यात भांडवल लागतं आणि उधारी बुडते, हेही खरं.

मला विचारशील तर मी तिसऱ्याला कौल देईन, आणि तोही लगेच. आज सोडायचं की नाही हे ठरवूच नकोस, कारण ह्या मनःस्थितीत घेतलेला कुठलाच निर्णय तुझा नसेल, तो थकव्याचा असेल. पण तीन महिने अर्ध्या दिवसाचं पगारी काम धर, कुठलंही. क्लासमध्ये पेपर तपासणं, नववी-दहावीच्या शिकवण्या, कुणाच्या दुकानात अकाउंट. घरून येणाऱ्या नऊ हजारांतले चार जरी स्वतःचे झाले ना, तर तुझी मान किती वर येते बघ. अभ्यास कमी होईल? दहा तासांतले किती खरे असतात हे तू मला सांगू नकोस, मी तुला विचारत नाही.

आणि एक तारीख ठरव. कुठल्या परीक्षेनंतर, कुठल्या महिन्यात, तू स्वतः तुझा संप मिटवणार, हे कॅलेंडरवर लिही आणि एका माणसाला सांगून ठेव. तो माणूस बाबा असावेत असं मला वाटतं. तू लिहिलंयस की त्यांना तोंड कसं दाखवू. तू त्यांना कधी विचारलंस का त्यांना काय वाटतं? मला तुझ्या पत्रात कुठेही दिसलं नाही. ते 'अभ्यास कसा चाललाय' विचारतात, तू त्याचं भाषांतर 'पोस्ट कधी काढतेस' असं करतेस. शेत बुडालेलं असताना बाप पोरीला दुसरं काय विचारणार गं? त्यांना कदाचित तेवढं एकच वाक्य येतं. फोनवर नको, गावी जा, हरभरा काढणीला आला असेल, सोबत काम कर आणि काम करता करता विषय काढ. समोरासमोर बसून असली बोलणी होत नाहीत आपल्याकडे, हात कामात असले की होतात.

अर्थाचं राहिलं. त्यावर मी मोठं काही सांगू शकत नाही, पण तुझ्याच पत्रात तो ता.क. मध्ये पडलाय आणि तू त्याला मोजलंच नाहीस. पूर्ण पत्रात 'बरा जातो' हे शब्द एकदाच आलेत, भूमितीच्या तासाला. आमच्या वडिलांचं तसंच झालं होतं. डबे पोचवणं त्यांना आपलं खरं काम वाटायचं नाही, खरं काम म्हणजे साचा, आणि तरी त्या चार तासांत कुणीतरी त्यांची वाट बघत असायचं. भूक लागलेला माणूस डब्याची बघतो तशी. त्या मुलीला समरूप त्रिकोण कळला की तिचा चेहरा कसा होतो ते तू रोज बघतेस आणि मग रूमवर येऊन विचारतेस की अर्थ काय. तो तास 'बाकीच्या आयुष्यातून चोरलेला' असं समजू नकोस. वाटलं तर आणखी दोघी-तिघींना बसव. फी घे, लाजू नकोस.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही दोन ओळी, कारण अशी पत्रं मला एमपीएससीवाल्यांचीच येतात असं नाही. अनुकंपाच्या यादीत नाव लागून आठ वर्षं झालेला मुलगा आहे, न्यू जर्सीत ग्रीन कार्डच्या रांगेत असलेली बाई आहे, आयटीतून काढलेला आणि रोज सकाळी बॅग घेऊन कॅफेत जाऊन बसणारा नवरा आहे (बायकोला माहीत आहे, तिनेच लिहिलंय). सगळ्यांना एकच विचारते. 'ते झालं की' ह्या नावाखाली तुम्ही काय काय बाजूला ठेवलंय त्याची यादी करा, दात दाखवायचेत, मैत्रिणीला फोन करायचाय, मुलाला पोहायला न्यायचंय. त्यातलं निम्मं असं निघेल की ज्याचा त्या निकालाशी काडीचा संबंध नाही. ते ह्या आठवड्यात उरका. एवढं तरी हातात असतं.

आणि तू मला परत लिही. बाबांशी बोलणं झालं की लिही, नाही झालं तरी लिही. दहावीचा भूमितीचा पेपर झाला की तेही कळव, तिला समरूपतेवरचा प्रश्न आला का.